बापूंचं फुगलेलं पोट घेऊन कोल्हापूरला

कोल्हापूरला लोक अंबाबाईला जातात, चपला आणायला जातात, तांबडा-पांढरा ओरपायला जातात. आम्ही गेलो पोटातला वारा काढायला. हे मी आडून आडून सांगणार नाही. आमच्या बीडकडं असल्या गोष्टी बोलायची पद्धत नाही, पण कोल्हापुरात सहा दिवस राहून आल्यावर माझी ती लाज तिकडंच राहिली.

बापू म्हणजे माझे वडील. तीन वर्षं त्यांचं पोट फुगत होतं. जेवण झालं की तासाभरात डेऱ्यासारखं गच्च व्हायचं, गुडगुड व्हायची, कळा यायच्या, रात्री कूस बदलता यायची नाही. ओवा झाला, काळं मीठ झालं, बेंबीवर हिंग लावून झाला, मेडिकलमधलं गुलाबी औषध झालं. छातीत जळजळ होते म्हणाले तेव्हा रात्री एक पेला थंड दूध मी चालू केलं. सकाळचं तर होतंच. यातलं दूध तेवढं माझं, बाकी सगळे उपाय गावाचे.

मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. घरातली म्हणजे सगळी भावकी धरून. बी.एस्सी., बी.एड., तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. हे मी जिथं तिथं सांगते. लोकांना फुशारकी वाटते, वाटू दे. बापूंनी दुसऱ्याच्या रानात राबून मला शिकवलंय, ते मी लपवून ठेवू काय?

तर मागच्या हिवाळ्यात तालुक्याच्या डॉक्टरांनी बापूंचं पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "वय झालंय. गाठबीठ नाही ना, एकदा मोठ्या ठिकाणी दाखवून घ्या." गाठ हा एकच शब्द बापूंनी ऐकला. त्यानंतर ते एकेका नातेवाइकाला भेटून येऊ लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, "सहज आलतो." आईला पेटीतले कागद उलगडून दाखवले. थोरली बहीण रेखाताई कोल्हापुरात दिलेली. ती फोनवर म्हणाली, "इकडं घेऊन ये. इकडं डॉक्टर चांगले हायत." शाळेला रजा टाकली आणि निघालो.

पेठेतला गोठा

सकाळी सहाला उतरलो. रिक्षा जुन्या पेठेतल्या गल्लीत शिरली आणि थांबली. समोर म्हशी. चांगल्या पाच-सहा, रस्ता भरून, घाईत नसलेल्या. आमच्याकडं म्हैस रानात असते, वस्तीवर असते. इथं दुचाक्यांच्या रांगेला लागून दावणी, वर तीन मजली इमारत, खाली शेण आणि बाजूला मोबाइलचं दुकान. रिक्षावाला हॉर्न वाजवेना. "त्यांचा टाइम हाय हा," म्हणाला.

दार उघडत ताईचा आवाज आला, "आलो, आलो! थांबा, कडी काढतो!"

मी बापूंकडं बघितलं, बापूंनी माझ्याकडं.

"ताई, तू बाप्या कधी झालीस?"

"इकडं सगळ्या बायका अशाच बोलत्यात गं," ती हसत म्हणाली. "दोन दिवस राहिलीस की तूसुद्धा 'मी जातो, मी येतो' करशील."

हा धक्का पचतोय तोवर तिचे सासरे बाहेर आले. त्यांना सगळी गल्ली तात्या म्हणते. उघडे, अंगाखांद्यानं भक्कम, हातात पितळी तांब्या. गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडले, "या पावणं! कुठाय ते पोट?"

बापूंनी उपरणं पोटावर ओढलं.

"लाजताय कशाला? सूनबाईनं सांगितलंय सगळं. गॅस हाय न्हवं? काय घाबरायचं काम न्हाय. कोल्हापुरात आलायसा!"

वरच्या गॅलरीतून एका बाईनं विचारलं, "कुणाला हो गॅस?"

"ह्या आमच्या व्याह्यास्नी!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आमच्याकडं इतकंच म्हणतात, बापूंना जरा बरं नाही. संपला विषय.

तात्यांनी तांब्या पुढं केला. वर चार बोटं फेस. "घ्या. म्हशीच्या अंगातली ऊब हाय अजून त्यात. पोटातला समदा वारा खाली बसवतंय का न्हाय बघा."

बापूंनी तांब्या धरला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "प्या बापू, ताजं आहे." त्यांनी डोळे मिटून एका दमात संपवला. मला बरं वाटलं. सातवीला पचनसंस्था शिकवताना फळ्यावर मी स्वतः लिहिते, दूध हे पूर्णान्न आहे.

दुपारी तात्यांची बायको, त्यांना मी मावशी म्हणते, पानाशी बसून वाढत होत्या. पांढरा रस्सा बापूंना आवडला. आमच्याकडं मटणाचा रस्सा म्हणजे काळा आणि जाळ. हा बघायला खिरीसारखा आणि घशातून उतरताना मिऱ्याचा चटका देणारा. संध्याकाळी तात्या आम्हाला दूध कट्ट्यावर घेऊन गेले. भर चौकात म्हशी उभ्या, लोक पेला घेऊन रांगेत, आणि गवळी कासेखाली पेला धरून धार थेट त्यातच मारतो. गाळणं नाही, तापवणं नाही. नोकरदार माणसं गाडीवरून उतरतात, पेला रिकामा करतात, मिशीचा फेस पुसतात आणि जातात. आमच्याकडं संध्याकाळी लोक चहाच्या टपरीवर जमतात, इथं कासेपाशी जमतात! मी तोंड उघडं टाकून बघत राहिले. तात्यांनी बापूंना दोन पेले पाजले. तिसरा त्यांनी हात जोडून परत केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूंनी आंघोळीचं पाणी स्वतः घेतलं नाही. वाकता येईना.

नृसिंहवाडी

डॉक्टरांची वेळ तिसऱ्या दिवसाची होती. मधला दिवस मोकळा, म्हणून तात्या म्हणाले, वाडीला जाऊन येऊ. दत्ताचं स्थान, कृष्णा-पंचगंगेचा संगम. मला वाटलं बापू नको म्हणतील. ते माझ्याआधी चपला घालून तयार.

पाणी एवढं असतं हे आम्हा बीडवाल्यांना पटत नाही. घाटाच्या पायऱ्या उतरून बापू गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि हलेचनात. आमच्या नदीत आम्ही पोरं क्रिकेट खेळायचो, एवढं सांगितलं तरी पुरे. दर्शन झालं, पालखीचा रस्ता बघितला, बाजारात कवठाची बर्फी घेतली. जेवायला बसलो तर वाटीत बासुंदी. तात्यांनी बापूंच्या पानात दुसरी वाटी ओतली, तिसरी ओतली. "वाडीला येऊन बासुंदी नको म्हणायचं न्हाई पावणं, दत्त महाराज रागावत्यात." वर हातावर पेढे.

तासाभरानं घाटावर बापू मधल्या पायरीवर बसले ते दुमडूनच. कपाळावर घाम. दोन्ही हात पोटावर.

तात्या खाली वाकले. "पावणं, कोंडून धरू नका. सोडा की!"

बापूंनी मान हलवली.

"अवो सोडा! एवढी मोठी नदी हाय, एवढं मोठं आभाळ हाय, कुणाला कळतंय?"

तात्यांचा आवाज असा, की संगमापलीकडं कळलं असेल. शेजारी पायऱ्यांवर एक कुटुंब डबा सोडून बसलं होतं. त्यातल्या पोरी तोंडावर ओढणी धरून हसायला लागल्या. आणि मग बापूंच्यानं राहवलं नाही. आवाज झाला, चांगला लांबलचक. तात्यांनी टाळी वाजवली. "शाब्बास!"

मला हसू येत होतं, खोटं कशाला सांगू. पण बापूंनी तोंड नदीकडं फिरवलं होतं. मी जवळ गेले, तर त्यांचे डोळे भरलेले.

"लई दुखायलंय का बापू?"

"दुखतंय ते दुखतंय," ते म्हणाले. "वाडी झाली माझी. आता काय राहिलं नाही. तुझ्या आईला तेवढी एकदा ही नदी दाखव."

मी तिथंच पायरीवर बसले. माझ्या डोक्यात तेव्हा लख्ख झालं. मी त्यांना बरं करायला आणलं होतं. ते मात्र निरोप घ्यायला आले होते. ताईचं घर, वाडी, नदी, एकेक करून.

राजारामपुरी

दवाखाना राजारामपुरीत, दुसऱ्या मजल्यावर. खाली साड्यांचं दुकान, बाजूला पोरांचे क्लास, जिन्यावर चपलांचा ढीग. डॉक्टर पन्नाशीच्या बाई, केस पांढरे, बोलणं थेट.

"त्रास काय?"

मी सुरू केलं, "गेली तीन वर्षं त्यांना अपचनाची..."

"पेशंट कोण आहे?"

"हे, माझे वडील."

"मग त्यांना बोलू दे की. तोंड आहे त्यांना."

माझ्याशी असं गावात कुणी बोलत नाही. मी खुर्चीत मागं सरले. डॉक्टरीणबाईंनी बापूंना जे जे विचारलं, ते मी इथं सगळं लिहीत नाही. आवाज किती, वास कसा, परसाकडे कितीदा, पातळ की घट्ट. बापूंचं तोंड आधी लाल झालं, मग त्यांनी एकेक उत्तर द्यायला सुरुवात केली. शौचातून रक्त? नाही. उलटी? नाही. वजन उतरलं? नाही. मग सोनोग्राफीला पाठवलं. शेजारच्या इमारतीत दोन तास बाकावर बसलो. बापू माझ्या पर्सचा बंद धरून बसले होते, लहान पोरासारखे.

रिपोर्ट घेऊन परत आलो. बाईंनी वाचला, चष्मा काढला. "गाठ नाही. लिव्हर चांगलं आहे. वय बघता रक्ताची आणि शौचाची तपासणी करून घेऊ, पण मला यात काही वाईट दिसत नाही."

बापूंनी हात जोडले.

"आता सांगा, दिवसभर काय खाता? उठल्यापासून."

"उठलो की दूध," बापू म्हणाले. "मग भाकरी. दुपारी भाकरी-भाजी. चार वाजता दुधाचा चहा. रात्री भाकरी अन् झोपताना दूध."

"किती दूध?"

"सकाळी तांब्याभर. रात्री थंड, पेलाभर."

"लहानपणापासून पिता?"

बापू हसले. "लहानपणी कुठलं दूध बाई? दोन म्हशी व्हत्या, सगळं डेअरीला जायचं. आम्ही कोरा चहा पेत व्हतो."

"मग कधीपासून?"

"ही नोकरीला लागली तवापासून."

"आणि पोट कधीपासून?"

बापूंनी वर पंख्याकडं बघितलं.

"तवापासूनच," ते म्हणाले.

मी विज्ञान शिकवते. एवढं साधं गणित तीन वर्षं माझ्या डोळ्यांसमोर मांडलेलं होतं आणि मला दिसलं नव्हतं. कानात नुसता पंख्याचा आवाज. बाई समजावून सांगत होत्या. दुधात एक साखर असते, ती फोडायला आतड्यात पाचक रस लागतो. बऱ्याच मोठ्या माणसांत तो कमी होतो. साखर तशीच पुढं सरकते, आंबते, गॅस होतो. "दोष दुधाचा नाही, तुमचाही नाही. दोघांचं जमत नाही, एवढंच. दोन आठवडे दूध, दुधाचा चहा, खीर, बासुंदी, पेढा सगळं बंद. ताक बघा, बहुतेक सोसेल, बेतानं घ्या. सावकाश जेवा, जेवून लगेच आडवं होऊ नका, चाला. उतार पडला तर कळेलच. नाही पडला, किंवा कधी रक्त दिसलं, वजन उतरलं, तर थांबायचं नाही, लगेच यायचं."

मग लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, "रात्रीचं थंड दूध कुणी सांगितलं होतं?"

खोलीत आम्ही तिघंच. बापू पटकन म्हणाले, "असंच. गावात सांगत्यात लोक."

आणि मी गप्प बसले. बी.एस्सी., बी.एड., गप्प.

दूध बंद

घरी आल्यावर माझ्याकडून ऐकून ताईनं सांगितलं तेव्हा तात्या म्हशीला पेंड घालत होते. हातातलं घमेलं खाली ठेवलं.

"बंद म्हंजे?"

"बंद म्हणजे बंद, तात्या. डॉक्टरांनी सांगितलंय."

"कोल्हापुरात येऊन दूध बंद? मग शिरोळात जाऊन ऊस बंद? माझ्या म्हशीत काय खोट काढलीया का त्या डॉक्टरनं?"

"म्हशीचा काही संबंध नाही हो," मी म्हटलं.

"मास्तरीणबाई, दुधानं माणूस फुगतो व्हय? फुगायचंच असतं तर निम्मं कोल्हापूर आभाळात उडालं असतं!"

ते खरोखरच दुखावले होते. रात्री पाहुण्याच्या पानात ताक वाढलेलं बघून त्यांना घास गिळवेना. पाहुण्याला दूध न देता जेवू घालणं म्हणजे त्यांच्या लेखी उपाशी ठेवणंच. बापू कासावीस झाले, म्हणाले, "द्या व्याही, अर्धा पेला द्या. काय होत नाही."

तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या मावशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "काय द्यायची गरज न्हाई. मी तरी कुठं पितो?"

तात्या वळले. "काय म्हटलीस?"

"मला सोसत न्हाई दूध. लगीन होऊन आल्यापासनं. तुमी रोज सकाळी देताय तो पेला मी ताकाच्या डेऱ्यात वततो."

"रोज?"

"रोज."

"आनी इतकी वर्षं बोलली न्हाईस?"

"तुमच्या म्हशीम्होरं माझं कोण ऐकतंय?"

ताईनं पदर तोंडात कोंबला. तात्या भाकरीचा तुकडा हातात धरून बायकोकडं असे बघत राहिले, जणू ही बाई आत्ताच दारातून आली. मग हळूच म्हणाले, "पावण्यास्नी आनखी वाईच ताक वाढ. आनी तूबी घे."

दुसऱ्या दिवसापासून तात्यांनी बापूंचं पोट आपल्या अंगावर घेतलं. जेवण झालं की दोघं रंकाळा तलावावर चालायला. मी मागून. तात्या दर शंभर पावलांवर विचारायचे, "गेला का वारा?" बापू आधी इकडंतिकडं बघायचे. मुक्कामाच्या चौथ्या दिवशी हळूच म्हणाले, "थोडा." पाचव्या दिवशी लेंग्याच्या नाडीत आपली चार बोटं घालून दाखवली. सहाव्या दिवशी तात्यांनी विचारायच्या आतच, फिरायला आलेल्या दहा माणसांत, माझे बापू मोठ्यानं म्हणाले, "गेला की!"

तात्यांनी त्यांना मिठी मारली.

त्या संध्याकाळी तात्या कणीस आणायला गेले तेव्हा कठड्यावर आम्ही दोघंच होतो. मला विचारल्याशिवाय राहवेना.

"बापू, दुधानं होतंय हे तुम्हाला कळलं होतं का?"

"पयल्याच महिन्यात."

"मग तुम्ही बोलला कामून नाही?"

ते पाण्याकडं बघत म्हणाले, "तू नोकरीला लागलीस अन् डेअरीचं भांडं धरलंस. म्हणलीस, आजपासून हे दूध घरात राहील, बापूनं प्यायचं. माझ्या बापाला कुणी दूध पाजलं नाही. मला पाजलं नाही. माझी लेक पाजायली. मी काय नको म्हणू?"

"पण पोट दुखत होतं ना!"

"व्हतं. पर तू शिकलेली. पुस्तकात बघून सांगतीस. मला वाटलं, माझंच पोट अडाणी हाय."

तात्या कणसं घेऊन आले. मला माझं खाता आलं नाही. मी शाळेत पोरांना सांगते, शंका असेल तर विचारा, भिऊ नका. माझ्या घरात मला विचारायला माझा बाप भीत होता. भीत होता म्हणजे धाकानं नव्हे, कौतुकानं. ते जास्त वाईट. धाकाला माणूस कधीतरी उलटून बोलतो.

परत

आता येऊन तीन महिने झाले. तपासण्या चांगल्या आल्या. बापू ताक पितात, कोरा चहा पितात, जेवून शिवेपर्यंत चालून येतात. आईनं पेटीतले कागद पुन्हा बांधून ठेवले. दूध डेअरीला जातं.

पण बापू गावभर सांगत सुटले. "डॉक्टरला नाही सापडलं ते माझ्या लेकीनं शोधलं." मी दोनदा समजावलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि बाहेर जाऊन तेच सांगितलं. मागच्या रविवारी शेजारचे किसनकाका पोटावर हात धरून अंगणात आले.

"वर्षा, तू म्हणं बापूचं पोट उतरवलंस. माझं बी बघ जरा."

मी म्हटलं, "काका, आधी दवाखान्यात जा, दाखवून घ्या. आणि दुसरं ऐका. बापूंचं पोट मी उतरवलं नाही. ते तीन वर्षं मीच फुगवलं होतं. माझ्याच हातानं दूध पाजून."

काका गोंधळून बापूंकडं बघू लागले. बापू ओसरीवर बसले होते. ते ताड्दिशी उभे राहिले आणि ओरडले, "किसन, तिचं ऐकू नको! तिला काय कळत नाही!"

मला काही कळत नाही, असं बापू आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, आणि तेव्हा नेमकी मी खरं बोलत होते.